राजवाड्यासमोरचा रस्ता पूर्वी खरोखरच इतका रुंद होता का? तीन जुन्या छायाचित्रांविषयी प्रश्न

प्रश्न : रामबागवासी (इंदूर)

नमस्कार. आमच्या भागातील मराठी वाचनालयात यंदाच्या गणेशोत्सवात जुन्या इंदूरच्या छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरवण्याचे ठरले असून, प्रत्येक छायाचित्राखाली चार ओळींचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजोबांच्या ट्रंकेतून निघालेल्या तीन छायाचित्रांनी मला अडवून ठेवले आहे.

पहिले छायाचित्र पातळ, पिवळट पडलेल्या कागदावर असून तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. राजवाड्याचा दर्शनी भाग सातही मजल्यांसह अतिशय स्पष्ट आला आहे, मात्र समोरचा चौक जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. डाव्या कोपऱ्यात धुरासारखा एक पट्टा आहे आणि विजेचा खांब कुठेही नाही. हे छायाचित्र लाला दीनदयाळ यांनी काढलेले आहे, असे आमच्या घरात पूर्वीपासून सांगितले जाते.

दुसरे छायाचित्र एका उंच गच्चीवरून घेतलेले असावे. खाली कौलारू छपरे, मधोमध घड्याळाचा मनोरा आणि त्यामागे गिरण्यांची धुराडी दिसतात. मागच्या बाजूला मोडी लिपीत ‘एडवर्ड हॉल’ एवढेच लिहिले आहे. तिसरे लहान आहे, त्याला पांढरी किनार असून कडा कातरलेल्या आहेत. त्यात कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकर घराण्यातील व्यक्तींची स्मारके), पूल, एक टांगा आणि काही सायकली आहेत, आणि एका पाटीवरची ‘मध्यभारत’ ही अक्षरे भिंगाखाली वाचता येतात.

समितीतील ज्येष्ठांची इच्छा अशी आहे की, पहिल्या छायाचित्राखाली ‘शंभर वर्षांपूर्वीचे शांत आणि प्रशस्त इंदूर’ असे लिहावे. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतके ज्ञानही नाही. या छायाचित्रांचा काळ कसा ठरवावा, रस्ता खरोखरच इतका रुंद आणि रिकामा होता असे मानावे का, आणि त्याच जागी उभे राहून आजचे छायाचित्र घ्यायचे असल्यास ती जागा कशी शोधावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त आरेखक

आपण ‘खोडून काढण्याइतके ज्ञान नाही’ असे म्हणता, पण शंका आली हेच पुरेसे आहे. माझे सारे आयुष्य नकाशे काढण्यात गेले, त्यामुळे मी छायाचित्राकडेही मोजमापाच्याच नजरेने पाहतो. हा दोष समजून पुढचे वाचावे.

काळ ठरवताना एक गोष्ट पक्की धरावी. छायाचित्रात जी वस्तू दिसते ती ‘यानंतर’ एवढे ठामपणे सांगते, परंतु ‘याआधी’ हे सहसा आपल्याला तर्काने जोडावे लागते, आणि चुका होतात त्या तिथेच. आपले दुसरे छायाचित्र घ्या. घड्याळाचा मनोरा म्हणजे आजचा गांधी हॉल. ही इमारत १९०४ साली पूर्ण झाली, तेव्हा तिचे नाव किंग एडवर्ड हॉल होते, आणि १९४८ मध्ये ते बदलले. त्यामुळे छायाचित्र १९०४ च्या आधीचे असूच शकत नाही. मात्र मागे ‘एडवर्ड हॉल’ लिहिले आहे म्हणून ते १९४८ च्या आधीचे आहे, असे म्हणता येणार नाही. माझी आजी अखेरपर्यंत एडवर्ड हॉलच म्हणत असे आणि टांगेवाल्यालाही ते समजत असे. सरकारी कागदावरचे नाव एका दिवसात बदलते, पण जिभेवरचे नाव बदलायला एक पिढी जावी लागते.

हाच न्याय तिसऱ्या छायाचित्रातील पाटीला लावावा. मध्यभारत राज्य २८ मे १९४८ रोजी अस्तित्वात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात विलीन झाले. पाटी रंगवली गेली ती बहुधा या आठ वर्षांत. पण २ नोव्हेंबरला सकाळी उठून कुणी शहरातल्या सगळ्या पाट्या पुसल्या नव्हत्या. त्यामुळे ‘१९४८ नंतरचे, बहुधा १९५० च्या दशकातील’ इतकेच लिहावे. कातरलेल्या कडांचे ठसे (निगेटिव्हवरून कागदावर काढलेली छायाचित्रे) त्या काळात सर्रास मिळत, ही गोष्टही या अनुमानाला धरून आहे. टांगा आणि सायकली यांवरून मात्र काहीही ठरवू नका, कारण आमच्या शहरात दोन्ही फार उशिरापर्यंत चालत होत्या. जवळ मोटार असेल आणि तिच्या पाटीवर ‘एमपी ०९’ दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. ती पद्धत १९८९ पासूनची आहे, पण तुमच्या छायाचित्रात ती असण्याचा संभव दिसत नाही.

दुसऱ्या छायाचित्रातील धुराडी मला सर्वांत मोलाची वाटतात. राजवाडा, देवळांचे कळस आणि नंतर घड्याळाचा मनोरा एवढ्यांवरच ज्या शहराची उंची संपत होती, त्याची आकाशरेषा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गिरण्यांनी बदलून टाकली. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल अशी एकामागून एक धुराडी उभी राहिली, आणि दुरून येणाऱ्याला इंदूर ओळखू यायचे ते त्यांच्या धुरावरून. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. आज ‘मालवा मिल’ म्हटले की नव्या मुलांना गिरणी आठवत नाही, चौक आठवतो. तुम्ही धुराडी मोजून त्यांच्या दिशा नकाशावर आखल्या, तर कोणते कोणत्या गिरणीचे हे ओळखता येईल आणि काळाची खालची मर्यादा १९०४ च्या बरीच पुढे सरकेल. महाराजा यशवंतराव रुग्णालयाची सात मजली इमारत १९५० च्या दशकात उभी राहिली. ती चौकटीत यायलाच हवी होती अशा दिशेला कॅमेऱ्याचे तोंड असेल आणि तरीही ती दिसत नसेल, तरच तिची अनुपस्थिती पुरावा ठरते. चौकटीबाहेरची इमारत दिसत नाही म्हणून ती नव्हतीच असे लिहिणारे लेख मी वाचले आहेत, म्हणून हे सांगावेसे वाटले.

आता जागा शोधण्याविषयी. कोणत्या वस्तूमागे कोणती वस्तू दडते, हे केवळ कॅमेरा कुठे उभा होता यावर ठरते. भिंग कोणते लावले होते याचा त्याच्याशी संबंध नसतो. भिंगामुळे दृश्य किती कापले जाते एवढेच ठरते. म्हणून छायाचित्रात अशा दोन कडा शोधा की, ज्यांतली एक जवळच्या वास्तूची आहे आणि दुसरी दूरच्या, आणि दोन्ही एकमेकींवर अचूक येतात. आज जागेवर जाऊन त्या दोन्ही पुन्हा एकमेकींवर येईपर्यंत डावीउजवीकडे सरकत राहा. आपण ज्या रेषेवर उभे राहाल, त्याच रेषेवर कधीतरी कॅमेरा उभा होता. अशी दुसरी जोडी सापडली की दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. प्लेन टेबलवर, म्हणजे जागेवरच नकाशा आखण्याच्या तिपाईवरच्या फळीवर, आम्ही हेच करत होतो.

कॅमेऱ्याची उंची ओळखायची असेल तर माणसांची डोकी पाहा. जवळची आणि दूरची डोकी एकाच आडव्या रेषेवर असतील तर कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. दूरची डोकी जवळच्यांपेक्षा वर दिसत असतील तर तो ओटल्यावर, माडीवर किंवा गच्चीवर होता.

रुंदीबाबत मात्र हात आखडता घ्यावा. राजवाड्याचा दर्शनी भाग आजही जागेवर आहे. त्याची रुंदी टेपने मोजून तिच्याशी तुलना करता येते, पण ती फक्त त्याच्या पायथ्याशी, त्याच अंतरावर असलेल्या गोष्टींची. चौकाची आपल्याकडून राजवाड्याकडे जाणारी खोली या मापाने निघत नाही, आणि ‘प्रशस्त’ वाटते ती बहुतेक वेळा हीच खोली असते.

उत्तर २ : अंधारखोली

वरील विवेचनात एक भर घालतो, ती रिकाम्या चौकाविषयी. लाला दीनदयाळ रुरकीच्या महाविद्यालयात शिकून १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून आले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले, हे प्रसिद्धच आहे. (आमचे निवृत्त आरेखक यावर खूश होतील.) पण इंदूरमधील प्रत्येक पिवळ्या ठशाचे पितृत्व त्यांच्याकडे देणे योग्य नव्हे. त्यांच्या स्टुडिओच्या पुष्कळ छायाचित्रांत क्रमांक आणि नाव काचेच्या निगेटिव्हवरच लिहिलेले असे, त्यामुळे ते ठशाच्या खालच्या कडेला उमटते. आपल्या ठशाची खालची कड पुठ्ठ्यावर चिकटवताना कापली गेली नसेल तर ती भिंगाखाली पाहावी. काहीच नसेल तर घरातील सांगण्याला ‘कौटुंबिक आठवण’ म्हणून जागा द्यावी, माहिती म्हणून नव्हे.

त्या काळी काचेवर कोलोडियन या चिकट द्रावाचा थर देऊन, ती चांदीच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लगेच धुवावी लागे. छायाचित्रकाराला अंधाराचा तंबू बरोबर बाळगावा लागे तो यामुळेच. या ओल्या काचेवर प्रकाश कित्येक सेकंद पडू द्यावा लागत असल्याने जो स्थिर आहे तोच उमटतो. भिंत, खांब, झोपलेला बैल, ओटल्यावर पेंगणारा दुकानदार हे सगळे येतात. चालणारी माणसे उमटतच नाहीत, आणि सावकाश जाणारी गाडी आपल्या कोपऱ्यातल्या त्या धुरकट पट्ट्यासारखी दिसते. तो चौक रिकामा नव्हता. कदाचित चांगलाच गजबजलेला असेल, फक्त गजबज काचेवर थांबली नाही. यावरूनही लगेच काळ ठरवू नका, कारण १८८० च्या दशकात कोरड्या (आधीच थर देऊन ठेवलेल्या) काचा रुळल्यानंतरही बारीक छिद्र लावून लांब वेळ देणारे छायाचित्रकार होतेच.

त्या काचा निळ्या प्रकाशालाच अधिक संवेदनशील होत्या, त्यामुळे आकाश कोरे पांढरे येते, लाल पागोटे काळे दिसते आणि निळे फिकट. प्रदर्शनात लहान मुले ‘तेव्हा ढग नव्हते का?’ असे विचारतील, त्यांच्यासाठी हे उत्तर जवळ ठेवावे.

आणखी एक तपासणी करावी. निगेटिव्ह उलटी ठेवून काढलेले ठसे बरेच आढळतात. त्यात राजवाड्याची डावी बाजू उजवीकडे जाते आणि मग आरेखकांच्या सगळ्या रेषा वाया जातात. पाटीवरची अक्षरे सरळ वाचता येतात का, घड्याळाचे आकडे योग्य दिशेने आहेत का, हे आधी पाहून घ्यावे.

उत्तर ३ : ओटलावाले

दोघांचेही लिहिणे अभ्यासपूर्ण आहे, पण मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. रस्ते अरुंद होते हे सिद्ध करण्यासाठी भिंग आणि टेप कशाला? जुन्या भागात ज्यांची घरे आहेत त्यांना ते पाठ आहे. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्यापर्यंतच्या रस्त्याच्या रुंदीकरणात घरांचे दर्शनी भाग कापले गेले, आमच्या घराचाही गेला. कापलेल्या खोलीचे कोनाडे, तिथला निळा रंग आणि देवघराची फळी पुढे महिनाभर रस्त्यावरून दिसत होती. जुन्या छायाचित्रांत घरापुढे जे ओटले दिसतात त्यांवर बसून आमच्या आधीच्या तीन पिढ्यांनी गप्पा मारल्या, आणि ते ओटले रस्त्याने गिळले, हे सांगायला कॅमेऱ्याची गरज नाही.

एवढे मात्र मान्य करतो की, राजवाड्यासमोरच्या चौकाची गोष्ट गल्ल्यांपेक्षा निराळी आहे. तिथे बाग झाली, अहिल्याबाईंचा पुतळा उभा राहिला, दुकानांच्या रांगा आल्या आणि मधली मोकळी जागा वाटून गेली. म्हणजे आमच्या गल्ल्या रुंद झाल्या आणि चौक भरत गेला. समितीच्या ज्येष्ठांना ‘पूर्वी सगळे प्रशस्त होते’ असे म्हणायचे असेल तर त्यांना आमच्या बाखळीत, म्हणजे जुन्या घरांच्या अरुंद गल्लीत, आणून उभे करा.

उत्तर ४ : निवृत्त आरेखक

ओटलावाले यांचा विरोध मला योग्य वाटतो, आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी १९१८ मध्ये इंदूरचा जो अहवाल सादर केला, त्यात दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याऐवजी जिथे अत्यावश्यक आहे तिथे थोडे पाडून बाकीचे जपावे, असा आग्रह होता. म्हणजे गल्ल्या अरुंद आहेत ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीही होती, आणि तिच्यावर काय करावे हा वादही.

गेडिस यांची दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्ट इंदुरात अनेकांनी ऐकलेली असते. प्लेगच्या दिवसांत त्यांनी असे जाहीर करवले की, जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ होतील त्यांतून मिरवणूक जाईल, आणि लोकांनी घरे झाडून चुना लावून ठेवली. मला ती छायाचित्रांच्या संदर्भात उपयोगी वाटते, कारण छायाचित्रातल्या भिंती झळझळीत पांढऱ्या असतील तर ती दिवाळीनंतरची असण्याचा संभव असतो, आणि डागाळलेल्या असतील तर पावसाळ्यानंतरची. कृष्णपुऱ्याच्या छायाचित्रात नदीला पाणी किती आहे तेही पाहावे. एका पावसाळ्यातील भरलेली कान्ह पाहून ‘पूर्वी नदी बारमाही दुथडी भरून वाहत असे’ असा मजकूर लिहिला जातो, तो या एका निरीक्षणाने टळेल.

राजवाड्याबाबत आणखी एक सावधगिरी सुचवतो. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत मागचा भाग जळाला, दर्शनी भाग वाचला. त्यामुळे समोरून घेतलेल्या छायाचित्रात राजवाडा शाबूत दिसतो, एवढ्यावरून ते आगीपूर्वीचे ठरत नाही. आपले छायाचित्र इतर कारणांनी त्याहून फार जुने आहे हे उघड आहे, पण प्रदर्शनात इतरही ठसे येतील. तसेच छत्र्यांच्या बाबतीत कृष्णपुरा आणि छत्रीबाग यांची अदलाबदल वारंवार होते. नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत १८८६ मध्ये वारलेल्या महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांची छत्री आहे, त्यामुळे ती दाखवणारे कोणतेही छायाचित्र त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही.

उत्तर ५ : रामबागवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, मी आणि माझी मुलगी ठशाची प्रत घेऊन राजवाड्यावर गेलो होतो. निघण्यापूर्वी ठसा उलटा नाही याची दर्शनी भागावरून खात्री करून घेतली होती.

एक रेषा सापडली. दर्शनी भागाच्या पुढे आलेल्या गवाक्षाचा खांब आणि मागच्या भिंतीतील खिडकीची कड ठशात ज्या प्रकारे जुळतात, तशा त्या बागेच्या कुंपणाजवळून जुळल्या. दुसरी रेषा सापडली नाही, कारण ठशात ज्या कौलारू छपराची कड मला वापरायची होती ते छप्परच आज नाही. त्यामुळे कॅमेरा त्या एका रेषेवर पुढे की मागे होता, हे मला सांगता येत नाही. मात्र उंचीबाबत निवृत्त आरेखकांची युक्ती लागू पडली. ठशात स्थिर बसलेल्या दोघांची डोकी उमटली आहेत, त्यांतला दूरचा माणूस जवळच्यापेक्षा स्पष्टपणे वर दिसतो. दोघेही बसलेले असल्याने तुलना योग्य आहे असे मी धरतो. म्हणजे कॅमेरा बसलेल्या माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच होता, कदाचित समोरच्या एखाद्या माडीवर. मुलीने तिथल्याच एका दुकानाच्या जिन्यावर चढून मोबाईलवर दोन छायाचित्रे घेतली, एक खालून आणि एक वरून. वरच्या छायाचित्रात तोच चौक दीडपट मोठा वाटतो. समितीच्या ज्येष्ठांना मी ही दोन्ही शेजारी ठेवून दाखवली, त्यानंतर ‘प्रशस्त’ हा शब्द त्यांनी स्वतःच मागे घेतला. ‘शांत’ हा शब्द मागे घ्यायला ते अजून तयार नाहीत, त्यांना धुरकट पट्टा भिंगातून मला अजून दाखवायचा आहे.

खालच्या कडेला नाव किंवा क्रमांक नाही. दीनदयाळ यांचा उल्लेख ‘आमच्या घरातील समजुतीनुसार’ या शब्दांत करणार आहे, आणि त्यावर माझ्या आत्याबाई नाराज आहेत. दुसऱ्या छायाचित्राखाली ‘१९०४ नंतर, मागील मोडी नोंद एडवर्ड हॉल, आजचा गांधी हॉल’ आणि तिसऱ्याखाली ‘१९४८ नंतर, बहुधा १९५० चे दशक’ असे लिहीन. धुराडी सहा मोजली, पण दिशा आखताना दोन एकाच रेषेत येत असल्याने कोणते कोणाचे ते मला ठरवता आलेले नाही.

उत्तर ६ : निवृत्त आरेखक

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगावा. बसलेल्या माणसांबाबत एकच शंका आहे. त्यांतला एक ओटल्यावर आणि दुसरा जमिनीवर बसलेला असेल तर तुलना बिघडते, तेवढे ठशात पुन्हा पाहावे. धुराड्यांचे मात्र घरी बसून ठरणार नाही. त्या छायाचित्राखालच्या मजकुरात दोन ओळींची जागा कोरी ठेवा आणि जवळ दोरीला पेन्सिल बांधा. गिरणीत पाळ्या केलेले कुणीतरी आपल्या नातवाला घेऊन येईल, त्याला ती भोंग्यासकट ओळखता येतील.